आमच्या नेत्रसेवा मंडळाचा इतिहास लिहिताना

२६ जानेवारी २०२४ रोजी ध्वजवंदन आटोपल्यावर शाळेच्या व्हरांड्यातच आमच्या नेत्रसेवा मंडळाची बैठक झाली आणि मंडळाचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मंडळाची नोंदणी १९८५ सालची, म्हणजे पुढच्या वर्षी चाळीस वर्षे पूर्ण होणार होती. तोपर्यंत शंभरेक पानांची पुस्तिका तयार करावी आणि ती १० जून २०२५ रोजी, म्हणजे नेत्रतज्ज्ञ डॉ. भालचंद्र यांच्या स्मरणार्थ आपल्याकडे पाळल्या जाणाऱ्या दृष्टिदान दिनी, प्रसिद्ध करावी, असे ठरले. मी बँकेतून निवृत्त झालेली. जुने कागद वाचण्याची सवय एवढीच माझी पात्रता. चार महिन्यांत काम उरकेल, असे मी त्या बैठकीत सांगून बसले. प्रत्यक्षात सोळा महिने लागले. ते कशात गेले हे लिहून ठेवले, तर अशाच एखाद्या लहान संस्थेचा इतिहास लिहायला बसलेल्या कुणाचा तरी वेळ वाचेल, म्हणून हा खटाटोप.

आमचे मंडळ तालुक्याच्या गावातले. पंधरा-वीस कार्यकर्ते, त्यांत डॉक्टर एकही नाही. डोळे तपासणीची शिबिरे भरवणे, मोतीबिंदूच्या रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी नेणे-आणणे आणि कुणाच्या घरी मृत्यू झाल्यावर नातेवाइकांची तयारी असेल तर नेत्रपेढीला कळवून नेत्रदान पार पाडणे, एवढेच काम. कार्यालय कधीच नव्हते. जो सचिव असेल त्याच्या घरी कागद, अशी पद्धत. त्यामुळे चाळीस वर्षांचा इतिहास पाच घरांत विभागलेला होता आणि त्यातला सर्वांत जुना भाग पहिल्या सचिवांच्या, म्हणजे गावातल्या औषधविक्रेत्यांच्या, माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होता.

४ फेब्रुवारीला, रविवारी, ती ट्रंक खाली उतरवली. वरच्या थरातल्या कागदांना कसर लागलेली, टाचण्या गंजून कागदात रुतलेल्या, आणि तळाशी रुंद तोंडाचा एक थर्मास. थर्मासवर चिकटपट्टी लावून त्यावर शाईने 'बर्फ बदलणे' असे लिहिलेले होते. तो तिथे कशासाठी ठेवला असावा, हे मला त्या दिवशी उमगले नाही.

माझी पहिली मोठी चूक त्याच दुपारी झाली. उत्साहाच्या भरात मी सगळे कागद बाहेर काढले आणि सालवार गठ्ठे लावले. एका शिबिराची परवानगी, औषधांची बिले, रुग्णांची यादी आणि आभाराची पत्रे कुणीतरी सुतळीने एकत्र बांधून ठेवली होती. ती सुतळी सोडल्याबरोबर कोणते बिल कोणत्या शिबिराचे हे सांगणारा एकमेव पुरावा नाहीसा झाला. बिलांवर औषधाच्या दुकानाचे नाव होते, शिबिराचे नव्हते. ते पुन्हा जुळवण्यात तीन आठवडे गेले. तेव्हा विनंती अशी की, पहिल्या दिवशी एकही कागद जागचा हलवू नये. ज्या क्रमाने, ज्या गाठीत आहेत तसेच मोबाइलवर फोटो काढावेत, प्रत्येक गाठीला पेन्सिलीने क्रमांक द्यावा आणि मगच सुतळीला हात लावावा. टाचण्या ओढून न काढता मागून कागदाची पट्टी सरकवून सैल कराव्यात. ओढल्या की नेमकी तारखेची ओळ फाटते.

ट्रंकेत सर्वांत मोलाच्या निघाल्या त्या तीन लांबोडक्या नोंदवह्या. त्यांतली १९८७ ची वही मी जवळजवळ महिनाभर वाचत होते. डाव्या बाजूला रुग्णाचे नाव, वय, गाव, मग उजवा डोळा आणि डावा डोळा असे दोन स्तंभ, आणि त्यांत 'एफ.सी. २ मी.', 'एच.एम.', 'पी.एल.' अशी अक्षरे. एका नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी उलगडा केला: दोन मीटरवरून धरलेली बोटे मोजता येतात, नुसता हात हललेला कळतो, आणि शेवटचा तो फक्त उजेड आहे की नाही इतकेच ओळखणारा. एका पानावर सलग अकरा नावांपुढे 'पी.एल.' लिहिलेले आहे. मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय काढायचा नाही, ही तेव्हाची रीत. त्यामुळे माणूस शिबिरात यायचा तो जवळजवळ आंधळा होऊनच. शेवटच्या स्तंभात सही, आणि बहुतेक ठिकाणी अंगठा.

या वह्यांवरूनच मला समजले की, आमच्या मंडळाचा इतिहास हा खरे तर नेत्रशस्त्रक्रिया कशी बदलत गेली याचा इतिहास आहे, आणि प्रकरणे त्याच हिशेबाने पाडली पाहिजेत. केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला, आणि आमच्यासारखी मंडळे त्याच्या आसऱ्यानेच उभी राहिली. पहिल्या दशकात शस्त्रक्रिया शाळेच्या वर्गखोल्यांत होत. डोळ्यातले भिंग आवरणासकट काढून टाकत, रुग्ण आठवडाभर सतरंजीवर उताणा पडून राही आणि जाताना जाड भिंगांचा चष्मा घेऊन जाई. मंडळाच्या खर्चवहीत त्या वर्षांत हेच आहे: सतरंज्यांचे भाडे, हिरवे कापड, काळे चष्मे, जाड भिंगांचे चष्मे, चहा, रॉकेल. पुढे १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व नियंत्रणाचा प्रकल्प राबवला गेला आणि त्यात महाराष्ट्र होता. याच सुमारास वर्गखोलीतली शस्त्रक्रिया मागे पडून रुग्णाला रुग्णालयात नेऊन कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रूढ झाली. खर्चवहीतून सतरंज्या आणि चष्मे गायब होतात आणि त्यांच्या जागी जीपचे भाडे व डिझेल येते. आमचे जुने कार्यकर्ते 'नंतर लोकांचा उत्साह कमी झाला' असे सांगतात. वही बघितली तर उत्साहापेक्षा कामच बदलले होते. ज्या शिबिराला साठ माणसे राबायची, त्या कामाला आता गाडीत रुग्णांबरोबर बसणारी दोन माणसे पुरत होती.

मार्चमध्ये नोंदणीचा प्रश्न आला. ट्रंकेत सगळे होते, फक्त नोंदणी प्रमाणपत्र आणि मूळ घटना नव्हती. आपल्याकडे अशा संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात, म्हणून प्रमाणपत्रेही दोन असतात. जुन्या पावतीपुस्तकावर दोन्ही क्रमांक छापलेले सापडले, हे नशीब. (तुमच्याकडेही प्रमाणपत्र हरवले असेल तर आधी जुनी पावतीपुस्तके आणि लेटरहेड शोधावीत, क्रमांकावाचून शोध जवळजवळ अशक्य आहे.) १८ मार्चला मी धर्मादाय कार्यालयात नक्कल मिळण्याचा अर्ज घेऊन गेले. कोर्ट फी स्टॅम्प लावला होता, ओळखपत्राची प्रत जोडली होती, मंडळाचा ठरावही होता. खिडकीपलीकडच्या लिपिकांनी रजिस्टर उघडले, बोट खाली खाली नेले आणि शांतपणे विचारले, "मॅडम, तुमचं नाव शेड्युलवर कुठं आहे?"

शेड्युल म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांच्या नावांची तिथली नोंद. तिच्यात माझे नाव तर नव्हतेच. आमच्या विद्यमान अध्यक्षांचे, सचिवांचे, कोषाध्यक्षांचे, कुणाचेच नव्हते. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, आणि आम्ही १९९८ नंतर एकही दिला नव्हता. सरकारदरबारी आमचे मंडळ अजूनही सव्वीस वर्षांपूर्वीचेच सात जण चालवत होते. त्या सातांपैकी हयात फक्त एक, ते म्हणजे आमचे संस्थापक गुरुजी, वय वर्षे ८९. दोष पूर्णपणे आमचा होता, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. त्या दिवशी परतीच्या एस.टी.त मला खरोखर लाज वाटली. बँकेत मी तीस वर्षे लोकांना 'सहीचा नमुना अद्ययावत करा' म्हणून सुनावत आले होते.

गुरुजींनी मला सहावीत शिकवले आहे. अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि मग म्हणाले, "म्हणजे कागदावर मी एकटाच उरलोय म्हण की. बरं झालं थांबलो." त्यांच्या सहीने १ एप्रिलला अर्ज पुन्हा दाखल केला. तोपर्यंत लोकसभेची आचारसंहिता लागू झाली होती आणि कर्मचारी निवडणुकीच्या कामावर गेले होते, तेव्हा वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रमाणित नकला हातात पडल्या त्या १२ जूनला. बदल अर्जांसाठी मात्र वकील करावा लागला. विलंब माफीच्या अर्जासह सगळे ऑगस्टमध्ये दाखल झाले आणि मार्च २०२५ मध्ये मंजूर झाले. इतिहास लिहायला याची गरज नव्हती, हे खरे. पण आपल्याच मंडळाची सध्याची कार्यकारिणी नोंदीत नाही हे कळल्यावर तिचे छायाचित्र पुस्तिकेत छापणे मला जमले नसते.

मिळालेल्या नकलेत आणखी एक गोष्ट निघाली. घटनेतल्या उद्देशांत 'अंधत्व निवारण', 'नेत्रतपासणी शिबिरे', 'गरजूंना चष्मे' हे सगळे आहे, नेत्रदानाचा शब्दही नाही. ते १९८८ च्या ठरावाने घेतले गेले. ठराव इतिवृत्तात आहे, पण घटनादुरुस्ती कधी नोंदवलीच गेली नाही. ज्या कामामुळे गाव आम्हाला ओळखते, ते काम आमच्या घटनेत नव्हते.

जुलै-ऑगस्ट वर्तमानपत्रांच्या कात्रणांत गेले. कात्रणे पुष्कळ होती, पण ज्याने कापली त्याने बातमी तेवढी ठेवून तारखेची पट्टी कापून टाकलेली. अशा वेळी कात्रण उलटून पाहावे. पहिल्या मोठ्या शिबिराच्या बातमीच्या मागे अर्धवट कापलेला क्रिकेटचा मजकूर होता: वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडने भारताला हरवल्याचा. तो विश्वचषकाचा सामना ५ नोव्हेंबर १९८७ चा, म्हणजे कात्रण दुसऱ्या दिवशीचे. शिबिर दिवाळीच्या सुट्टीत का घेतले, हेही त्यावरूनच जुळले. वर्गखोल्या आठवडाभर रिकाम्या मिळण्याचा तेवढाच काळ. त्याआधी मी शिबिराचे साल १९८६ धरून चालले होते, कारण सगळे ज्येष्ठ तसेच सांगत होते.

ट्रंकेतल्या थर्मासचा उलगडा सप्टेंबरात झाला. औषधविक्रेत्यांचे धाकटे भाऊ, आता पंचाहत्तरीचे, त्यांच्याशी बोलत होते. ते म्हणाले, "अहो, तो डोळ्यांचा थर्मास." त्या काळी नेत्रदानात अख्खे नेत्रगोलक काढून काचेच्या बाटलीत, ओलसर गॉजवर, बुबुळ वर राहील असे ठेवत. बाटली बर्फात ठेवायची आणि चोवीस, फार तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत बुबुळाचे रोपण व्हायला हवे. शहरातली नेत्रपेढी चार तासांवर. म्हणून कार्यकर्ता रात्रीच्या किंवा पहाटेच्या एस.टी.ने थर्मास मांडीवर घेऊन जायचा आणि मधल्या थांब्यावर उतरून बर्फ बदलायचा. हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांनी नसलेला थर्मास पोटाशी धरून दाखवला. पुढे साठवणुकीची द्रावणे आली, मॅकॅरी-कॉफमन द्रावणात बुबुळ चार दिवसांपर्यंत टिकू लागले, नेत्रपेढीची माणसे स्वतःच साहित्य घेऊन येऊ लागली, आणि थर्मास ट्रंकेत गेला.

नेत्रदानाच्या नोंदवहीत कायदाही दिसतो, फक्त बघता आला पाहिजे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा; महाराष्ट्रात तो फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. इतर अवयव नोंदणीकृत रुग्णालयातच काढता येतात, पण डोळे मृताच्या घरीही काढता येतील अशी तरतूद त्यात आहे, मात्र ते काम नोंदणीकृत डॉक्टरने करायचे. म्हणून वहीत 'डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक' हा स्तंभ नव्याने आखलेला दिसतो. २०११ च्या दुरुस्तीने नेत्रदानासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञालाही मुभा दिली. काही वर्षांनी आमच्या वहीत त्याच स्तंभात 'डॉक्टर' खोडून वर 'तंत्रज्ञ' लिहिले आहे. आणि मार्च २०२० पासून कितीतरी महिने त्या वहीची पाने कोरी आहेत. ती पाने मी पुस्तिकेत तशीच छापायला सांगितली होती, पण छापखान्याने 'चूक वाटेल' म्हणून समजावले आणि मी ऐकले. नको होते ऐकायला.

आता आकड्यांविषयी, कारण सर्वांत जास्त मनस्ताप त्यात झाला. रौप्यमहोत्सवाच्या २०१० च्या स्मरणिकेत 'आजवर सव्वादोनशे नेत्रदाने' असे ठळक छापलेले आहे आणि तेव्हापासून प्रत्येक भाषणात हाच आकडा वाढवत नेला गेला. मी नेत्रपेढ्यांच्या पावत्या मोजल्या तर २०१० पर्यंत ११२ भरल्या. तीनदा मोजल्या. दोन नेत्रपेढ्यांना पत्रे लिहिली. एकीने दात्यांची नावे गोपनीय असल्याने फक्त वर्षवार संख्या कळवली (तेवढेच हवे होते), दुसरीने जुने अभिलेख उपलब्ध नसल्याचे सांगितले. मिळालेली संख्या माझ्या मोजणीशी जुळत होती. घोळ कुठे झाला ते ऑक्टोबरात सापडले: २००३ च्या अहवालात 'इतके डोळे' असे लिहिले होते, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात तोच आकडा उचलताना 'इतके नेत्रदाते' झाले. ११२ दाते, २२४ डोळे. कुणी खोटे बोलले नव्हते. एक शब्द बदलला होता. त्यातही २२४ डोळे म्हणजे २२४ जणांना दृष्टी मिळाली असे म्हणता येत नाही, कारण मिळालेले प्रत्येक बुबुळ रोपणायोग्य ठरत नाही, काही संशोधनाला आणि प्रशिक्षणाला जातात.

याहून बोचणारा आकडा संकल्पपत्रांचा होता. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात आम्ही संकल्पपत्रे भरून घेतो. चाळीस वर्षांची मिळून ३,८४० भरली. डिसेंबर २०२४ पर्यंतची प्रत्यक्ष नेत्रदाने १६३. आणि त्या १६३ पैकी ज्यांनी स्वतः आधी संकल्पपत्र भरले होते असे फक्त २२. बाकी सर्व ठिकाणी निर्णय त्या रात्री घरच्यांनी घेतला होता. मुळात कायद्यानेही मृत्यूनंतर नातेवाइकांची संमती लागते आणि संकल्पपत्र नसले तरी नेत्रदान होऊ शकते, हे आम्ही व्याख्यानांत सांगतो. पण मोजमाप मात्र संकल्पपत्रांचेच ठेवत आलो.

१० ऑक्टोबरला, जागतिक दृष्टी दिनाच्या कार्यक्रमानंतर, तोपर्यंतचे हे आकडे मी बैठकीत ठेवले. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "इतकी वर्षं आपण सव्वादोनशे सांगत आलो, आता लोकांना काय सांगायचं?" दुसऱ्यांनी सुचवले की, आकडाच देऊ नये, 'अनेक' म्हणावे. मी पावत्यांची फाइल टेबलावर ठेवली होती. ती हातोहात फिरली. शेवटी दाते, डोळे आणि संकल्पपत्रे असे तीन वेगळे आकडे, वर्षवार तक्त्यासह छापायचे ठरले. इतिहास लिहिणाऱ्याने अशा बैठकीला पावत्या बरोबर न्याव्यात. नुसत्या बेरजेवर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि का बसावा?

नावे छापण्याचा प्रश्न वेगळा. दाते हयात नाहीत, पण कुटुंबे आहेत. ज्यांचे पत्ते मिळाले त्या ७४ कुटुंबांना मी पत्र लिहिले, सोबत उत्तरासाठी पोस्टकार्ड जोडले. ४९ जणांनी होकार दिला, सहा जणांनी नकार, बाकीच्यांचे उत्तर आले नाही. उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे, असे धरून फक्त ४९ नावे छापली. नकार देणाऱ्यांपैकी एकांनी लिहिले होते की, घरात त्या निर्णयावरून अजूनही दोन तट आहेत, ते पुन्हा उकरायला नको.

पहिले नेत्रदान १९८९ चे. त्या घरच्या काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. नोव्हेंबरात त्यांच्याकडे गेले, नोंदवही मुद्दाम बरोबर नेली होती. त्यांनी देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून नेत्रपेढीचे प्रमाणपत्र काढून दाखवले आणि मग वहीतल्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "वेळ लिहिलीय का गं?" लिहिली होती: मृत्यू रात्री ९.४०, काम पूर्ण ११.५५. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हायला हवे, म्हणून वेळा नेहमीच लिहितात. "लाइट गेली होती," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना कंदील मीच धरला. हात हलला तर म्हणत होते, वहिनी, थोडा वर." शेऱ्याच्या स्तंभात दोनच शब्द होते, 'वीज नव्हती'. महिनाभर ती ओळ मी पाहत होते आणि ते शब्द शिबिराच्या कसल्यातरी अडचणीबद्दल असावेत असे समजत होते. काकूंनी नाव छापायला होकार दिला. अट एकच, नवऱ्याचे नाव पूर्ण छापायचे, आडनावाच्या आद्याक्षरावर भागवायचे नाही.

लेखन डिसेंबर ते मार्च. याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. साहित्य जुळलेले असले की लिहिणे लवकर होते. मुद्रितशोधन दोघांनी करावे आणि आकड्यांचे वाचन तिसऱ्याकडे द्यावे, एवढे सांगते. एप्रिलमध्ये मजकूर छपाईला गेला. ९६ पाने, ३०० प्रती, अक्षरजुळणीसह ३८,५०० रुपये. वकिलांचे ९,०००, नकला आणि स्टॅम्प ६४०, कागदांच्या प्रती साठवण्यासाठी हार्ड डिस्क ४,२००, झेरॉक्स, टपाल व प्रवास ३,१००. एकूण ५५,४४० रुपये. हा खर्च शिबिरांच्या देणगीतून करायचा नाही असे आधीच ठरवले होते, म्हणून सभासदांची वेगळी वर्गणी काढली आणि तिच्या पावत्याही वेगळ्या पुस्तकातून फाडल्या. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याप्रमाणे पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते. लहान संस्थांना हे बहुधा माहीत नसते. आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवली.

१० जूनला पुस्तिका प्रसिद्ध झाली. गुरुजींना आता वाचता येत नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मध्यभागी विकार आहे. त्यांची नात रोज संध्याकाळी चार-पाच पाने वाचून दाखवत होती. १७ जूनला त्यांचा फोन आला. "पान एकोणीस. सत्त्याऐंशीच्या शिबिरात एक्केचाळीस शस्त्रक्रिया लिहिल्यात तू. चाळीस झाल्या. एक बाबा टेबलावर घ्यायच्या आधीच धोतर सावरत खिडकीतून पळाला. आम्ही स्टँडपर्यंत धावलो होतो त्याच्या मागे."

मला वाटले, वय झाले आहे, गल्लत होत असेल. तरी वही काढली. ४१ वी ओळ होती: नाव, वय ६५, गाव, दोन्ही डोळे 'एच.एम.'. शस्त्रक्रियेच्या स्तंभात मात्र आडवी रेघ, आणि शेवटी, जिथे अंगठा असायचा तिथे, बारीक अक्षरांत 'निघून गेले'. मी अनुक्रमांक मोजले होते. शस्त्रक्रियेचा स्तंभ वरून खाली मोजलाच नव्हता.

दोनशे बारा प्रती अजून वाटायच्या होत्या. छापखान्यातून छोट्या चिठ्ठ्या छापून आणल्या आणि आम्ही चौघांनी दोन संध्याकाळी बसून त्या पहिल्या पानाच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवल्या. वाटून झालेल्या प्रतींसाठी पोस्टाने पाठवल्या. त्यावर एवढेच आहे: 'शुद्धिपत्र. पृष्ठ १९, ओळ ७: ४१ ऐवजी ४० वाचावे.'